गोणपाटाखाली

रात्रीचे साडेनऊ वाजलेत. औसा तालुक्यातलं सोयाबीनचं रान. दुपारची झड थांबलीय, काळी माती बुटांना चिकटून पाय जड झालेत. पुढे बॅटरी घेऊन काका, मागे काकू. त्यांच्या हातात प्लास्टिकची बादली, तिच्यात मिठाचं पाणी.

"हितं बगा," काका वाकतात. नुकतं दोन पानांवर आलेलं रोप देठातून कापलंय. शेजारच्या रोपावर ती बसलीय, शंखी गोगलगाय. अंगठ्याहून लांब, निमुळता शंख, तपकिरी, त्यावर गडद उभे पट्टे. उजेड पडताच वरची दोन शिंगं, ज्यांच्या टोकाला डोळे असतात, हळूच आत जातात. तोंड मात्र थांबत नाही. दलपत्राची कड डोळ्यांदेखत मागे सरतेय.

काकू हाताला पिशवी गुंडाळून तिला उचलतात. बादलीत टप्प आवाज होतो. पुढच्या ओळीत आणखी चार. एकदा पेरलेलं गेलं, ही दुबार पेरणी आहे.

ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. भारताच्या मुख्य भूमीवर तिची पहिली नोंद शोधत गेलं की आपण विल्यम हेन्री बेन्सन या सनदी अधिकाऱ्यापाशी पोचतो. काकांच्या मागे चालत मी त्यांना हे सांगतोय. बेन्सन 1803 साली जन्मले, 1821 मध्ये कलकत्त्यात उतरले. पोटापाण्याला कंपनी सरकारची नोकरी आणि जीव मात्र गोगलगायींत. या विषयाचं रीतसर शिक्षण नसताना त्यांनी भारतातल्या शेकडो जातींची पहिली शास्त्रीय वर्णनं लिहिली. नखाएवढ्या शंखाचीही वेटोळी मोजायची, तोंडाचा आकार टिपायचा, कुठे सापडला ते लिहायचं, हे काम ते वर्षानुवर्षं करत राहिले. हिमालयातल्या गोगलगायींच्या एका प्रजातीला त्यांच्यावरून ‘बेन्सोनिया’ नाव आहे. संग्रह केंब्रिजच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात जपलाय. आपल्या मातीतल्या या जिवांकडे इतक्या बारकाईनं पाहणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे.

आणि याच माणसानं मॉरिशसहून आफ्रिकन गोगलगायी जिवंत आणल्या. 1847 मध्ये त्या कलकत्त्यातल्या चौरंगीच्या एका बागेत सुटल्या. त्या तिथे कशा वाढल्या, हे त्यांनी 1858 मध्ये स्वतःच छापून ठेवलं. औशातली गोगलगाय थेट त्याच बागेतल्या वंशाची, असं मी म्हणत नाही. पण हौसेनं जीव उचलून दुसऱ्या मुलखात सोडणं ही चूकच होती, आणि बेन्सनच्या मोठेपणामुळे ती लहान होत नाही.

"किती आणल्या व्हत्या?" काका विचारतात.

"मोजक्याच."

"मोजक्याच," ते पुन्हा म्हणतात आणि बॅटरी पुढच्या ओळीवर टाकतात.

बांधाला गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं पसरलीत. काकू एक उलटतात. खाली पंधरा-वीस शंख दाटीनं चिकटलेत. त्या ओंजळ भरभरून बादलीत टाकतात. मग खुरप्यानं तिथली माती उकरतात, आणि पिवळसर पांढऱ्या अंड्यांचा पुंजका उघडा पडतो.

"शाबूदाण्यावानी हायेत बगा."

खरंच तशीच दिसतात, ओली, गोल. मी मोजायला लागतो आणि शंभराच्या पुढे सोडून देतो. या जिवात नर-मादी वेगळे नसतात, म्हणून मोठी झालेली प्रत्येक गोगलगाय अशी अंडी घालू शकते. आणि उन्हाळा आला की शंखाचं तोंड पडद्यानं बंद करून ती मातीत महिनोन्‌महिने गप पडून राहते. काकू तो पुंजका मातीसकट बादलीत ढकलतात.

बांधाच्या टोकाला काकांनी लावलेलं आंब्याचं कलम आहे, गेल्या पावसाळ्यात रोपवाटिकेतून आणलेलं, पिशवीतल्या मातीसह. अशा मातीतूनही ही अंडी येऊ शकतात. तुम्हीही या पावसाळ्यात रोप आणाल. लावण्याआधी पिशवी फाडा, मुळाशी माती चाचपा, आणि शाबूदाण्यासारखं काही दिसलं तर मिठाच्या पाण्यात टाका.