पडद्यातली वीज

डोळ्यावर प्रकाश पडला की तिथे वीज हलते. स्वीडनच्या फ्रिटिओफ होल्मग्रेन यांनी १८६५मध्ये बेडकाच्या डोळ्यात ती मोजली. ज्यांना आयुष्यभर रक्त चढवावं लागतं, त्या थॅलेसेमिया मेजरच्या रुग्णांच्या डोळ्यांची आज होणारी एक तपासणी याच विजेवर चालते.

दोष रक्तात, मग डोळ्याची तपासणी कशाला? लोहामुळे. या रुग्णांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. सिंधी समाजात हा आजार तुलनेने जास्त, त्यामुळे उल्हासनगरात हे वेळापत्रक अनेक घरांना पाठ आहे. एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात येतं आणि बाहेर पडतं दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. जादा लोह काढून टाकायची सोय शरीराकडे नाहीच. ते यकृतात, हृदयात, ग्रंथींत साठत जातं.

गंमत अशी की लोहाशिवाय डोळ्याला दिसणारही नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्यात (रेटिनात) प्रकाश टिपणाऱ्या पेशींमागे फक्त एका पेशीइतका जाड रंगद्रव्याचा थर असतो. प्रकाशाने आकार बदललेला ‘अ’ जीवनसत्त्वाचा रेणू पुन्हा वापरण्याजोगा करणारं एन्झाइम तिथे काम करतं, आणि त्याच्या गाभ्यात लोहाचा अणू बसलेला असतो. हेच लोह मोकळं सुटलं, की प्राणवायू भरपूर वापरणाऱ्या या पडद्यात पेशींची आवरणं जाळणारे रेणू तयार होतात.

लोह उतरवायला डेस्फेरीऑक्झामिन हे औषध आलं. मूळचं ते मातीतल्या एका जिवाणूचं, स्वतःसाठी लोह पकडायचं साधन! पोटाच्या कातडीखाली सुई, कमरेला छोटा पंप, आणि रात्रीचे आठ ते बारा तास औषध थेंबाथेंबाने आत. त्याने असंख्य जीव वाचवले. पण १९८०च्या दशकात दिसून आलं की मोठ्या डोसवर काहींना रात्री दिसेनासं होतं, रंग फिके वाटतात. साठलेलं लोह कमी आणि डोस जास्त असेल, तर धोका वाढतो. लोहासोबत तांबं-जस्तही ओढलं जात असावं, असा संशय आहे.

हे बिघाड वेळीच पकडायला विजेची ती तपासणी. तीत बाहुली मोठी करणारे थेंब घालून रुग्णाला वीस मिनिटं काळोखात बसवतात. खालच्या पापणीशी केसासारखा बारीक धागा, तोच इलेक्ट्रोड. अगदी मंद चमक दिली की फक्त काळोखात काम करणाऱ्या दंडपेशींचा प्रतिसाद उमटतो. जोरदार चमक दिली की विजेची नोंदलेली रेघ आधी खाली झुकते, तो प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा हिशेब. मग उसळी मारते, ती त्यांच्याकडून निरोप घेणाऱ्या पुढच्या फळीची. सगळा खेळ सेकंदाच्या एक-दशांशात. फळ्यावरची अक्षरं वाचता न येणाऱ्या पोराचीही ही तपासणी होते, कारण उत्तर पडदाच देतो.

पडद्याच्या फोटोत काही दिसत नसतानाही ही लाट खुजी झालेली सापडू शकते, रुग्णाची तक्रार नसली तरी. तेव्हाच औषध थांबवलं किंवा डोस कमी केला, तर ती पुष्कळदा सावरते, पण नेहमी नाही. आता डेफेरासिरॉक्ससारख्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या आल्या आहेत, पंपाची कटकट गेली. डोळ्यांची वार्षिक तपासणी मात्र त्या गोळ्या घेणाऱ्यांनाही करावीच लागते.