अंकल ह्युगोची सेकंड इनिंग

ऑनसाइटला गेलं की इंडियन ग्रोसरी कुठं मिळते हे टीममधलं कुणीही सांगतं. वीकेण्डला जीव कुठं रमेल, हे मात्र ज्याचं त्यानं शोधायचं असतं. त्यातून गाव मिनिआपोलिस असेल तर विचारूच नका. जानेवारीत पारा उणे वीसच्या खाली जातो आणि डाउनटाउनमधली माणसं एका बिल्डिंगमधून दुसरीत काचेच्या बंद पुलांवरून फिरतात. आमच्या ग्रुपमधल्या बहुतेकांनी आपले शनिवार मॉल ऑफ अमेरिकेला वाहिले होते. मी 5 नंबरची बस पकडून शिकागो अव्हेन्यूवर उतरायचे, 'अंकल ह्युगोज'मध्ये.

पूर्ण नाव 'अंकल ह्युगोज सायन्स फिक्शन बुकस्टोअर'. दुकानात फक्त विज्ञानकथा आणि फॅण्टसी. त्याच छताखाली 'अंकल एडगर्स', तिथं फक्त रहस्यकथा. ह्युगो हा सायन्स फिक्शनमधला मानाचा पुरस्कार आणि एडगर हा रहस्यकथांमधला, हे कळलं की नावांमागचा फंडाही कळतो. डॉन ब्लायली या लॉ शिकणाऱ्या मुलानं मार्च 1974 मध्ये हे दुकान काढलं. वकिली राहिली बाजूला, दुकान चाललं. 1980 मध्ये एडगर आला, 1984 मध्ये दोघांनी शिकागो अव्हेन्यूवर बस्तान हलवलं. अमेरिकेतलं सगळ्यात जुनं स्वतंत्र सायन्स फिक्शनचं दुकान अशी त्याची ख्याती होती. योगायोग बघा, याच 1974 मध्ये आपल्याकडे मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावानं एक कथा आली आणि पहिली ठरली. ती 'कृष्णविवर' होती आणि हे जगताप म्हणजे जयंत नारळीकर! ज्या किड्यानं आमच्या पिढीला इथं चावलं, तोच किडा तिकडं त्याच वर्षी दुकान थाटून बसला होता.

दुकानाचं इंटिरिअर वगैरे म्हणाल तर शून्य. छतापर्यंत रॅक, दोन रॅकमध्ये जेमतेम एक माणूस मावेल एवढी वाट आणि त्या वाटेवरही पुस्तकांचे ढिगारे. समोरून कुणी आलं की एकानं मागं सरायचं. म्युझिक नाही, सोफे नाहीत, कॉफी तर नाहीच. पण याच गावात क्लिफर्ड सिमॅकनं वृत्तपत्रात नोकरी करत विज्ञानकथा लिहिल्या. चार कादंबऱ्यांना ह्युगो मिळवून हाइनलाइनची बरोबरी करणारी लोइस मॅकमास्टर बुजोल्ड याच शहरात राहणारी, आणि तिची सही केलेली पुस्तकं इथं मिळायची. बुजोल्डच्या व्होर्कोसिगन मालिकेतली जुनी पेपरबॅक्स मी तिथं एकेक करून जमवली. सगळी सेकंडहॅण्ड, पानं पिवळी, आत आधीच्या मालकाचं नाव. ती पुस्तकं आज माझ्या कोथरूडच्या घरात आहेत.

हे सेकंडहॅण्ड प्रकरण जरा समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. हॉबीच्या दुकानात माल कंपनीकडून येतो, तसाच तो गिऱ्हाइकाकडूनही येतो. कुणी घर बदलतं, कुणाचे आजोबा जातात, कुणाला पैशांची नड असते, आणि खोकी भरून पुस्तकं काउण्टरवर येतात. नव्या पुस्तकांची ऑर्डर एका फोनवर देता येते. 1962 साली एकदाच छापलेल्या, नंतर कधीच न निघालेल्या पेपरबॅकची ऑर्डर कुणाला देणार? ती दारातून आपल्या पायांनी चालत यावी लागते. ब्लायलींच्या दुकानात ती 46 वर्षं येत होती.

25 मे 2020 रोजी मिनिआपोलिसमध्ये एका पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून ठेवला आणि त्याचा जीव घेतला. ती जागा शिकागो अव्हेन्यू आणि 38व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर. म्हणजे माझ्याच बसच्या रस्त्यावर, दुकानापासून नऊ-दहा चौक पुढं. शहर पेटलं, आणि हे शब्दशः खरं होतं. दुकानापासून जवळच असलेल्या लेक स्ट्रीटवर दुकानांमागून दुकानं जळत गेली. 30 मेच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास अलार्म कंपनीनं ब्लायलींना फोन केला. ते गाडी काढून पोचले, तोवर काचा फुटल्या होत्या आणि आत आग होती. आग विझवायचं सिलिंडर घ्यायला त्यांनी मागचं दार उघडलं, तर काळ्या धुराचा लोटच अंगावर आला. पुढं करण्यासारखं काही नव्हतं. दोन्ही दुकानं संपली.

आपल्याकडे तेव्हा शनिवारची दुपार होती. लॉकडाऊन, आमटी-भात खाऊन सगळे पेंगलेले. तिकडच्या जुन्या कलीगनं बातमी पाठवली. मी ती नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, ''अगं, पण आता सगळं किंडलवर मिळतं ना?'' बिचारा समजूत घालत होता. पण त्या दुकानातलं सगळं किंडलवर मिळत नाही, तोच तर मुद्दा आहे!

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता आणि तो माझ्या मैत्रिणीनं विचारला. एक माणूस असा मारला गेला असताना पुस्तकांसाठी हळहळायचं? माझं मत विचाराल तर, हो. फ्लॉइडचा जीव आणि दुकान एका तराजूत घालायचा प्रश्नच येत नाही. पण त्या मृत्यूचा राग मनात धरूनही, ज्या म्हाताऱ्याचा त्यात काडीचा संबंध नव्हता त्याची आयुष्यभराची कमाई गेली हे बोलता यायला हवं. त्या पट्ट्यातली कितीतरी दुकानं छोटी होती, स्थलांतरितांची होती. त्यांच्या मागं जगभर पसरलेले वाचक नव्हते. ब्लायली त्या मानानं नशीबवान.

कारण वाचक धावले. नेटवर वर्गणी सुरू झाली. आपण गणपतीची काढतो तशीच, फक्त पावतीपुस्तक नाही. बघता बघता दीड लाख डॉलर्सच्या वर रक्कम गेली. मी पंचवीस डॉलर्स टाकले. बाहेर जेवायला जाणं बंदच होतं, तेवढे सहज निघाले.

इथं सिनेमा असता तर पुढच्याच सीनमध्ये रिबन कापली असती. प्रत्यक्षात ब्लायलींनी पुन्हा उभं राहायचं की नाही हे लगेच सांगितलंच नाही. वय सत्तरीच्या आसपास. त्यात जळलेली इमारत त्यांच्या मालकीची, त्यामुळे राडारोडा उचलणं त्यांच्याच गळ्यात. ते काम प्रचंड खर्चाचं आणि विम्यात त्यासाठीची रक्कम बहुतेक वेळा मर्यादितच असते. त्यावर कडी म्हणजे शहराचा नियम. पडक्या भिंती पाडायचा परवाना हवा? मग वर्षाच्या प्रॉपर्टी टॅक्सचा उरलेला हप्ता आधी भरा! शेजारच्या सेंट पॉलमध्ये ही अट नव्हती. पेपरात छापून आल्यावर मिनिआपोलिसनंही ती मागं घेतली. सरकारी खिडकीचा अनुभव फक्त आपल्याच वाट्याला येतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

दरम्यान ब्लायलींनी घरातूनच धंदा चालू केला. पोस्टानं पुस्तकं पाठवायची, नेटवर विकायची. आणि मला सगळ्यात भन्नाट वाटलेली गोष्ट इथंच घडली. लोकांनी पैसे तर दिलेच, पण आपापली कपाटंही रिकामी केली. वर्षानुवर्षं ज्या दुकानातून सायन्स फिक्शन घरी नेली होती, त्याच दुकानासाठी खोकी परत येऊ लागली. पैशांनी रॅक, काउण्टर, नवी पुस्तकं आणता येतात. 46 वर्षांचा जुना स्टॉक आणता येत नाही, तो फक्त गिऱ्हाइकांकडेच होता. माझ्या पुस्तकांचाही विचार माझ्या मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू? पोस्टाचा खर्च पुस्तकांच्या किमतीच्या कितीतरी पट निघाला. आणि बुजोल्ड द्यायची म्हणजे जरा जिवावरच आलं होतं!

ऑगस्ट 2022 मध्ये दुकान उघडलं, पण जुन्या जागी नाही. ब्लायलींनी पूर्वेकडे थोड्या अंतरावर, 31व्या रस्त्यावर इमारत घेतली. तिथं आधी रंगीत काचकामाचं सामान विकणारं दुकान होतं, म्हणजे हॉबीवाल्यांच्या एका अड्ड्यात दुसरा आला. 2020 मध्ये ज्या पोलीस ठाण्याला जमावानं आग लावली होती, ते तिथून जवळच. 'मून पॅलेस' हे आणखी एक स्वतंत्र पुस्तकांचं दुकानही हाकेच्या अंतरावर आहे. काही जुन्या गिऱ्हाइकांना शिकागो अव्हेन्यू सुटल्याचं वाईट वाटलं असणार, मलाही वाटलं. पण सत्तरीतल्या माणसानं पाया खणण्यापासून सुरुवात करायची, की तयार छताखाली खोकी उघडायला घ्यायची? मी असते तरी छतच घेतलं असतं.

नवी जागा मी अजून पाहिलेली नाही. आमच्या टीममधला एक मुलगा पुढच्या महिन्यात तिकडं निघालाय, त्याला पत्ता दिलाय: 2716, ईस्ट 31वा रस्ता. ब्लू लाइनच्या लेक स्ट्रीट स्टेशनवर उतरायचं, पुढं चालत. निघण्याआधी दुकानाच्या वेळा बघून घे, कानटोपी विसरू नकोस आणि परतीच्या बॅगेत माझ्यासाठी दोन किलो जागा ठेव, एवढंही सांगितलंय. यादी त्याला मेल केली आहे.