दहा टक्के म्हणजे दहा टक्केच!

उभे आयुष्य चाळीत काढल्यावर निवृत्तीच्या पैशांतून आम्ही मुंबईत एक लहानसा फ्लॅट घेतला. पुढे गावी राहायला जावे लागले, म्हणून तो भाड्याने दिला. दुसऱ्याच महिन्यात सोसायटीचे बिल फुगले! सेवा शुल्क १,५०० रुपये होतेच. त्याखाली नवा रकाना आला, 'बिनभोगवटा शुल्क १,५०० रुपये'. जाब विचारला तेव्हा सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "सर्वसाधारण सभेचा ठराव आहे, बहुमताने झालाय."

बहुमत! हा शब्द कानावर पडला की भलेभले गप्प बसतात. परंतु बहुमत म्हणजे कायदा नव्हे, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला हवे काय?

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९-अ अन्वये राज्य शासनाने १ ऑगस्ट २००१ रोजी आदेश काढला. घर भाड्याने दिले तर बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही आणि हा हिशेब करताना महापालिकेचे कर धरायचे नाहीत. म्हणजे १,५०० वर १५० रुपये. मागितले किती? दहापट! घरात सभासदाचे कुटुंबीय, विवाहित मुलगी किंवा नातवंडे राहत असतील, तर हे शुल्क मुळीच लागत नाही. मुंबईच्या माँट ब्लाँ गृहनिर्माण संस्थेने या आदेशाला आव्हान दिले. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने आदेश वैध ठरवला. मग सोसायटीचा ठराव शासनाच्या आदेशापेक्षा मोठा कसा?

काही जण रागाने सगळेच पैसे थांबवतात. ती चूक करू नका. सोसायटी थकबाकीचा वसुली दाखला मिळवते आणि आपणच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहतो. आम्ही सेवा शुल्क आणि १५० रुपये दरमहा वेळेवर भरले. जादा रकमेवर लेखी हरकत घेतली, ठरावाची प्रत मागितली, सोबत शासन आदेश जोडला आणि प्रत्येक पत्राची पोच घेतली. उत्तर आले नाही, तेव्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार केली. तिथेही भागले नसते तर कलम ९१ अन्वये सहकार न्यायालयाचा दरवाजा होताच. ती वेळ आली नाही. दहा महिन्यांनी आमच्या नावावरची १३,५०० रुपयांची खोटी थकबाकी रद्द झाली.

त्याच इमारतीत आणखी तीन घरे भाड्याने दिलेली होती. ते मालक मुकाट्याने पैसे भरत राहिले. कारण काय? "सेक्रेटरीशी वाकडे कशाला?" या एका भीतीवर सोसायटीची बेकायदा वसुली चालते. आमचा निकाल लागल्यावर तेही आमच्या पत्रांच्या प्रती मागायला आले. आम्ही आनंदाने दिल्या.

वाचकहो, बिल हाती आले की आधी रकाने वाचा, मग पैसे मोजा. देणे असेल ते चोख द्या. नसेल ते एक पैसाही देऊ नका!