परदेशप्रवास आणि भ्रमणध्वनी संचाची निवड : एक विवेचन

प्रस्तावना : बिबवेवाडीसारख्या पुण्याच्या दक्षिण उपनगरातून मुलामुलींकडे अमेरिकेला किंवा ऑस्ट्रेलियाला जाणारे ज्येष्ठ नागरिक आता थोडे नाहीत. व्हिसा, औषधे, भाजणीचे पीठ यांची तयारी महिनाभर चालते. मोबाईल मात्र ‘आहे तोच चालेल’ या भरवशावर नेला जातो. हा भरवसा कितपत खरा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भारतात मोबाईल सेवेचा प्रारंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. येथील जीएसएम जाळे ९०० व १८०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यांवर उभे राहिले; युरोपातही हेच पट्टे होते, तर अमेरिकेत ८५० व १९००. त्यामुळे त्या काळी संच ‘ट्राय-बँड’ वा ‘क्वाड-बँड’ आहे काय, एवढेच पाहावे लागे. जपानची तऱ्हा निराळी; तेथे जीएसएमचे जाळेच नव्हते.

आजचा प्रश्न पट्ट्यांपुरता उरलेला नाही. अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने टू-जी सेवा जानेवारी २०१७ मध्ये आणि थ्री-जी सेवा फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद केली. भारतात टू-जी अद्याप चालू असल्याने मार्केट यार्डात खणखणीत वाजणारा साधा बटणांचा फोन या जाळ्यावर निरुपयोगी ठरतो.

येथे एक तांत्रिक बाब नीट समजून घ्यावयास हवी. फोर-जी जाळे मुळात केवळ विदा वाहून नेण्यासाठी रचलेले आहे. पूर्वी कॉल येताच फोर-जी संच तेवढ्यापुरता थ्री-जी वा टू-जीवर उतरत असे. ती खालची पायरीच काढून घेतल्यावर आवाजही विदेच्या रूपाने, म्हणजे ‘व्होल्टे’ पद्धतीने, जावा लागतो. त्यासाठी संचातील प्रणाली तेथील कंपनीच्या जाळ्याशी जुळणारी असावी लागते. भारतीय सिमवर रोमिंग करावयाचे तर दोन्ही कंपन्यांत तसा करारही लागतो. परिणामी व्हॉट्सअ‍ॅप सुरळीत चालते, पण साधा कॉल लागत नाही, अशी स्थिती उद्भवू शकते. घरी बोलणे होत असल्याने ही उणीव ध्यानातही येत नाही. मात्र अपरात्री छातीत दुखू लागल्यास ९११ हा क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपवरून लावता येत नाही.

ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस थ्री-जी संपुष्टात आले, तेव्हा हाच धोका पुढे आला. काही संच एरवीचे कॉल फोर-जीवरून करीत. ००० या आपत्कालीन क्रमांकासाठी मात्र थ्री-जीच शोधत. अशा संचांना सेवा नाकारणे तेथील कंपन्यांना बंधनकारक करण्यात आले. वरकरणी कठोर वाटला तरी हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल.

म्हणून निघण्यापूर्वी *#०६# दाबून मिळणारा आयएमईआय क्रमांक मुलाला कळवावा व तेथील कंपनीकडून संचाची खात्री करून घ्यावी. दोन सिमचा संच सोयीचा, कारण बँकेचा ओटीपी भारतीय क्रमांकावरच येतो. त्या क्रमांकाचे रोमिंग पुण्यातूनच सुरू करून घ्यावे. डेटा रोमिंग मात्र बंद ठेवावे, अन्यथा बिलाचा आकडा तिकिटाशी स्पर्धा करू लागतो.

मुलाने तिकडून धाडलेला फोन हा सर्वांत निर्धोक पर्याय वाटतो. तोही तपासावा लागतोच. हप्त्यांवर घेतलेला संच बहुधा एकाच कंपनीच्या सिमला बांधलेला असतो. शिवाय अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये २०२२ च्या आयफोन १४ पासून सिमची खाचच नाही. पुण्यातील सिमकार्ड त्यात बसत नाही. ते आधी ई-सिममध्ये बदलून घ्यावे लागते.