राइट-पॅटरसन वायुसेना तळ

राइट-पॅटरसन वायुसेना तळ हा अमेरिकेच्या ओहायो राज्यातील डेटन शहराच्या ईशान्येस असलेला अमेरिकी वायुसेनेचा तळ आहे. विमानांचे संशोधन, चाचणी, खरेदी आणि पुरवठा ही त्याची प्रमुख कामे आहेत. सध्याचा तळ १३ जानेवारी १९४८ रोजी राइट फील्ड आणि पॅटरसन फील्ड या दोन शेजारील तळांच्या विलीनीकरणातून अस्तित्वात आला. तळाच्या हद्दीतील हफमन प्रेअरी या कुरणावर विल्बर आणि ऑर्व्हिल राइट या बंधूंनी १९०४ व १९०५ मध्ये आपले विमान व्यवहारात वापरता येईल इतके सुधारले. त्यामुळे हे ठिकाण विमानविद्येच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते.

हफमन प्रेअरी

राइट बंधूंचा सायकलींचा व्यवसाय डेटन येथे होता. १७ डिसेंबर १९०३ रोजी उत्तर कॅरोलायनातील किटी हॉकजवळ त्यांच्या यंत्रचलित विमानाने चार उड्डाणे केली. त्यांपैकी सर्वांत मोठे उड्डाण ५९ सेकंदांचे व सुमारे २६० मीटरचे होते. विमान उडू शकते हे यातून सिद्ध झाले, मात्र ते वळवणे आणि बराच काळ हवेत ठेवणे अद्याप साधलेले नव्हते. दूरच्या किटी हॉकऐवजी घराजवळ सराव करण्यासाठी त्यांनी डेटनमधील बँक व्यावसायिक टॉरेन्स हफमन यांचे सुमारे ८४ एकरांचे कुरण निवडले. हफमन यांनी जागेचे भाडे घेतले नाही. उड्डाणापूर्वी तेथे चरणारी गुरे व घोडे बाहेर काढावेत, एवढीच त्यांची अट होती. कुरणाशेजारी सिम्स स्टेशन हा आंतरशहरी ट्रामचा थांबा असल्याने शहरातून ये-जा करणे सोपे होते.

येथील जमीन उंचसखल होती आणि किटी हॉकसारखा जोरदार वारा येथे नव्हता. त्यामुळे १९०४ च्या उन्हाळ्यात विमानाला उड्डाणास पुरेसा वेग मिळत नसे. यावर उपाय म्हणून ७ सप्टेंबर १९०४ पासून लाकडी मनोऱ्यावरून जड वजन खाली सोडून दोरीने विमानाला रुळावर पुढे ओढणारी यंत्रणा वापरली जाऊ लागली. २० सप्टेंबर रोजी विल्बर यांनी हवेत प्रथमच पूर्ण वर्तुळाकार फेरी मारली. हे उड्डाण १ मिनिट ३६ सेकंद चालले. त्याचे प्रत्यक्षदर्शी वर्णन एमॉस रूट यांनी जानेवारी १९०५ मध्ये आपल्या मधमाशीपालनविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले.

१४ जुलै १९०५ रोजी ऑर्व्हिल यांच्या विमानाला अपघात झाला. त्यानंतर बंधूंनी विमानाच्या पुढील बाजूस असलेले, नाक वर-खाली करणारे नियंत्रक पंख मोठे केले आणि ते मुख्य पंखांपासून अधिक दूर बसवले. या बदलामुळे विमानाचे नियंत्रण बरेच सुधारले. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बर यांनी याच कुरणावर फेऱ्या मारत सुमारे ३९ किलोमीटर अंतर ३९ मिनिटांत पार केले. हे विमान, फ्लायर-३, पहिले व्यवहार्य विमान मानले जाते.

१९०९ मध्ये अमेरिकी सैन्याने राइट बंधूंकडून आपले पहिले विमान विकत घेतले. पुढील वर्षी बंधूंच्या कंपनीने हफमन प्रेअरीवर उड्डाण शाळा सुरू केली. ती १९१६ पर्यंत चालली. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या हवाई दलांचे नेतृत्व करणारे हेन्री अर्नोल्ड यांनी १९११ मध्ये येथेच विमान चालवण्याचे शिक्षण घेतले.

लष्करी तळाची स्थापना

मार्च १९१३ मध्ये डेटन परिसरात भीषण पूर आला. त्यानंतर पूरनियंत्रणासाठी स्थापन झालेल्या मायामी कॉन्झर्व्हन्सी डिस्ट्रिक्ट या संस्थेने मॅड नदीकाठची जमीन नियोजित धरणाच्या जलधारण क्षेत्रासाठी घेतली. अशा क्षेत्रात वस्ती उभारणे योग्य नसले तरी सपाट व मोकळी जमीन विमानांना उपयुक्त होती. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर सैन्याने हफमन प्रेअरीसह येथील सुमारे २,००० एकर जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि विल्बर राइट फील्ड हा प्रशिक्षण तळ उभारला. शेजारीच विमानांच्या सामग्रीचे भांडार बांधण्यात आले.

१९ जून १९१८ रोजी या तळावर लेफ्टनंट फ्रँक स्टुअर्ट पॅटरसन डीएच-४ विमानातून मशीनगनची चाचणी घेत होते. फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या झाडण्याची ही व्यवस्था होती. सूर मारताना विमानाचे पंख निखळले आणि पॅटरसन व त्यांचे सहकारी मृत्युमुखी पडले. १९३१ मध्ये तळाच्या एका भागास पॅटरसन फील्ड हे नाव देण्यात आले.

राइट फील्ड आणि चाचण्या

सैन्याचा अभियांत्रिकी विभाग १९१७ पासून डेटन शहरालगतच्या मॅककुक फील्ड येथे होता. २० ऑक्टोबर १९२२ रोजी तेथून उडालेले लेफ्टनंट हॅरल्ड हॅरिस यांनी मोडू लागलेल्या विमानातून पॅराशूटने उडी घेऊन प्राण वाचवले. मॅककुकची जागा वाढत्या विमानांसाठी अपुरी पडू लागल्यावर विभाग अन्यत्र हलवला जाण्याची शक्यता निर्माण झाली. तो डेटनमध्येच राहावा म्हणून नागरिकांनी वर्गणी काढली, ४,५०० एकरांहून अधिक जमीन खरेदी केली आणि १९२४ मध्ये ती सरकारला भेट दिली. या जमिनीवरील राइट फील्डचे उद्घाटन १२ ऑक्टोबर १९२७ रोजी ऑर्व्हिल राइट यांच्या उपस्थितीत झाले. विल्बर यांचे १९१२ मध्येच निधन झाले होते.

३० ऑक्टोबर १९३५ रोजी बोइंगचे चार इंजिनांचे मॉडेल २९९ हे बॉम्बर विमान राइट फील्डवरून उडताच कोसळले. जमिनीवर उभ्या विमानाचे नियंत्रक पृष्ठभाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेली कुलपे उड्डाणापूर्वी काढण्याचे राहून गेले होते. मेजर प्लॉयर हिल आणि बोइंगचे चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर यांचा या अपघातात मृत्यू झाला. विमानात यांत्रिक दोष नव्हता, परंतु वैमानिकाने लक्षात ठेवायच्या गोष्टींची संख्या फार वाढली होती. म्हणून प्रत्येक टप्प्यावर वाचून पडताळण्याची लेखी तपासणी यादी तयार करण्यात आली. ही पद्धत पुढे विमानवाहतुकीत सर्वत्र रूढ झाली आणि नंतर शस्त्रक्रियागृहांनीही ती स्वीकारली. याच विमानापासून विकसित झालेल्या बी-१७ प्रकारची १२,००० हून अधिक विमाने बांधली गेली.

विलीनीकरणानंतर

सप्टेंबर १९४७ मध्ये अमेरिकी वायुसेना स्वतंत्र दल बनली आणि चार महिन्यांनी दोन्ही तळ एकत्र करण्यात आले. त्यानंतर १७ दिवसांनी, ३० जानेवारी १९४८ रोजी, ऑर्व्हिल राइट यांचे निधन झाले.

शीतयुद्धाच्या काळात परकीय विमानांचा तांत्रिक अभ्यास येथे होत असे. अज्ञात उडत्या वस्तूंच्या नोंदी तपासणारा प्रोजेक्ट ब्लू बुक १९५२ ते १९६९ या काळात येथून चालवला गेला. एकूण १२,६१८ नोंदींपैकी ७०१ नोंदींचा उलगडा झाला नाही. १ ते २१ नोव्हेंबर १९९५ दरम्यान बोस्नियातील युद्ध थांबवण्यासाठीच्या वाटाघाटी याच तळावर झाल्या. त्यातून निष्पन्न झालेला करार डेटन करार म्हणून ओळखला जातो. त्यावर १४ डिसेंबर १९९५ रोजी पॅरिस येथे औपचारिक स्वाक्षऱ्या झाल्या.

वायुसेनेच्या सामग्री विभागाचे मुख्यालय, संशोधन प्रयोगशाळा आणि तंत्रज्ञान संस्था सध्या या तळावर आहेत.

वारसा

तळावरील अमेरिकी वायुसेनेच्या राष्ट्रीय संग्रहालयाची सुरुवात १९२३ मध्ये मॅककुक फील्ड येथे झाली. नागासाकीवर अणुबॉम्ब टाकणारे बॉक्सकार हे बी-२९ विमान तेथे जतन केलेले आहे. हफमन प्रेअरीवर धावपट्ट्या किंवा इमारती उभारल्या गेल्या नाहीत. हे कुरण १९९० मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ घोषित झाले आणि १९९२ पासून डेटन विमानविद्या वारसा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग आहे. तेथे राइट बंधूंच्या विमानघराची आणि उड्डाण मनोऱ्याची प्रतिकृती उभारलेली आहे. मूळ फ्लायर-३ विमान डेटनमधील कॅरिलॉन पार्क येथे ठेवलेले आहे.