रस्सा बदनाम, भात मोकाट

कोल्हापुरात कुणाला 'शुगर निघाली' की घरातला पहिला बंदीहुकूम तांबड्या रश्श्यावर निघतो, दुसरा मिसळीच्या कटावर. चहात साखरेऐवजी गूळ पडू लागतो, चपातीच्या जागी भाकरी येते, आणि पथ्य सुरू झालं म्हणून घर निर्धास्त होतं. भाताला मात्र कुणी हात लावत नाही. आमटी-भात कालही दोन वाढण्यांचा होता, आजही तेवढाच.

नेमकं इथंच ताजं संशोधन आडवं येतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीनं २०२३ मध्ये सांगितलं की देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि आणखी १३.६ कोटी माणसं उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीतला आहाराचा भाग २०२५ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आला. आपल्या पोटात जाणाऱ्या उष्मांकांपैकी ६२ टक्के कर्बोदकांचे, म्हणजे धान्य, पीठ आणि साखरेचे. प्रथिनांचा वाटा जेमतेम १२ टक्के. ज्वारी-बाजरीसारखी भरडधान्यं रोजचं अन्न म्हणून खाणारी राज्यं तीनच निघाली, कर्नाटक, गुजरात आणि महाराष्ट्र.

यावर छाती फुगवायच्या आत पुढचं वाचावं. एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवून नुसतं भाताऐवजी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ खाल्लं, तर धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांचे ५ टक्के उष्मांक काढून तिथं डाळी-कडधान्यांची किंवा दूध-दह्याची प्रथिनं आली, तेव्हा मधुमेहाची शक्यता उतरलेली दिसली. ही एका वेळची पाहणी आहे, तिनं कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण तीन भाकऱ्या खाऊन 'मी चपाती सोडली' म्हणणाऱ्याला एवढं पुरेसं असावं. मिसळीतली मोडाची मटकी तर बिचारी निर्दोषच. तिच्यावरची तर्री आणि फरसाण सांभाळावं, आणि जादा ब्रेड मागवताना हात आखडावा.

आता गूळ. हा इथला नाजूक विषय. दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात, कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, आणि गुऱ्हाळावर उभं राहिलेल्या माणसाला त्या वासाचा मोह न होणं अवघड. चिपाडांवर चुलवाण धगधगत असतं, काहिलीत रस उकळत असतो, भेंडीच्या चिकानं वर आलेली मळी काढून टाकली जाते. गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात सोडून बोटांनी चाचपतो, गोळी बसली की काहील उतरते, गूळ वाफ्यात पसरतो आणि पुढं त्याचे रवे बांधले जातात. या सगळ्यात पाणी उडतं, मळी जाते. साखर कुठंच जात नाही. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० उष्मांक, तर गुळात ३८० च्या आसपास. गुळात थोडं लोह आणि खनिजं असतात हे खरं, पण मधुमेह्याच्या रक्ताला चहात पडलेला खडा गुळाचा की साखरेचा, हा फरक फारसा जाणवत नाही. गूळ आवडतो म्हणून खावा, औषध म्हणून नको.

खाणं एवढंच असतं तर हिशेब सोपा होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तो अवघड करून ठेवला, आणि बरं केलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापून आला. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, म्हणजे कागदावर दोघंही सडपातळ. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. आपल्याकडचा बारीक माणूस आतून बारीक असतोच असं नाही. म्हणून भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ २५ ऐवजी २३ वर ओढली गेली, आणि पुरुषांनी ९०, बायकांनी ८० सेंटिमीटरच्या आत कंबर ठेवावी असं सांगितलं जातं. मापाची टेप बेंबीजवळ धरायची, पँटचा नंबर सांगून भागत नाही.

ही चरबी येते कुठून? पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू, पोटातले अवयव लहान. त्वचेखालची चरबी मात्र जवळपास शाबूत. जेवणानंतर रक्तातली साखर उचलण्याचं मोठं काम स्नायू करतात, आणि इथं तेच जन्मापासून तोकडे. या अभ्यासातल्या सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, फोलेटची कमतरता मात्र जवळपास नव्हतीच. फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी असलेल्या आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त आढळलं. मग याच मुलांना वयात आल्यावर, आईबाप होण्याआधीच, रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग झाला.

बी-१२ भाजीत नसतं. ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून येतं. शाकाहारी घरात त्याची भिस्त दुधा-दह्यावर, आणि दुधाच्या बाबतीत कोल्हापूर भाग्यवान. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी दारात उभ्या करून ग्लासात धार काढून देण्याची चाल आहेच. डॉक्टर कच्च्या दुधाला नाक मुरडतात, तेही योग्यच. उकळल्यानं थोडं बी-१२ जातं, सगळं नाही. माझी तक्रार दुसरीच आहे. तो ग्लास बहुतेक पुरुषाच्या हातात असतो. तालमीतल्या पोराच्या दुधाचा हिशेब सगळं घर ठेवतं, लग्नाला आलेल्या त्याच्या बहिणीच्या वाट्याला चहापुरतं दूध येतं. पुण्याचा अभ्यास खरा मानला तर दुधाची गरज तिला आधी आहे. आणि जोर-बैठका सोडून दहा वर्षं झाली तरी खुराक न सोडलेल्या तिच्या काकानं एक भांडं तिच्याकडं सरकवलं, तर त्याच्याही कंबरेचं भलं होईल.