एकट्यासाठी रोडगा? नो चान्स!

'स्पेस' हवीय? मग भवानीआईला नवस बोललेल्या त्या सुनेला आधी भेटा!

'यार, घरात जरा स्पेसच मिळत नाही!' आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हे वाक्य चहापेक्षा जास्त वेळा फिरतं. कुणाला आईचा रोजचा 'जेवलास का?' नकोसा झालाय, कुणाला फॅमिली ग्रुपवरचे गुड मॉर्निंगचे गुलाब टोचतात, तर कुणाची सासू रविवारी सकाळी सातला मिक्सर लावते. आपल्याला वाटतं, हा प्रॉब्लेम आपल्याच पिढीचा. सॉरी बॉस! आमच्या मराठवाड्यात चारशे वर्षांपूर्वीच यावर सुपरहिट कॉमेडी होऊन गेलीय. लेखक : पैठणचे संत एकनाथ.

ओरिजिनल सास-बहू

नाथांचं 'रोडगा वाहीन तुला' हे भारूड तुम्ही शाळेच्या गॅदरिंगमध्ये नक्की पाहिलं असेल. एक वैतागलेली सून भवानीआईपुढे विशलिस्ट वाचते. सासरा परगावी गेलाय, तो परत येऊच नये. सासू छळते, तिला आधी उचल. जाऊ फटकळ, नणंदेचं पोर किरकिरं, त्यांचाही बंदोबस्त कर. लोक हसून हसून लोळायला लागतात, तेवढ्यात नवऱ्याचाही नंबर लागतो! शेवटची मागणी काय, तर मला एकटीला राहू दे. आणि एवढ्या मोठ्या कामाची फी किती? फक्त एक रोडगा!

कीर्तनकार याचा आध्यात्मिक अर्थ सांगतात. सासू-सासरे, जाऊ-नणंद म्हणजे मनातले विकार, ते गेले की उरतो तो शुद्ध जीव. अर्थ ग्रेटच आहे. पण नाथांना हा विनोद सुचला तो घरातल्या भांड्यांचे आवाज ऐकूनच, असं मला वाटतं. ते स्वतः पक्के संसारी. पत्नी गिरिजाबाई, मुलंबाळं, दारात सतत पाहुणे. चरित्रकार तर सांगतात, की मुलगा हरिपंडित वडिलांशी न पटल्यानं थेट काशीला निघून गेला आणि नाथ स्वतः जाऊन त्याला घेऊन आले. म्हणजे जनरेशन गॅप संतांच्या घरीही होती! फक्त 'त्याला हवी तेवढी स्पेस देऊ' म्हणून ते पैठणला बसून राहिले नाहीत.

आजीचा नवस फळला

माझं गाव टेंभुर्णी. नाही, पुणे-सोलापूर हायवेवरचं नाही! हे जालना जिल्ह्यातलं, जाफराबाद तालुक्यातलं. माझी आजी हे भारूड पदर खोचून, डोळे फिरवून म्हणायची. सासूच्या कडव्याला आवाज मुद्दाम चढायचा, कारण पणजी समोरच ओसरीवर बसलेली. पणजीही काही कमी नव्हती. 'म्हण, म्हण, माह्या नावानं अजून एक कडवं जोड!' म्हणायची. दोघींचं भांडण असं सुरात निघायचं आणि संध्याकाळी दोघी एकाच ताटात शेंगा फोडत बसायच्या. एचआरवाले ज्याला 'फीडबॅक सेशन' म्हणतात ना, ते हेच. तेही विदाउट पॉवरपॉइंट!

मग पणजी गेली, आजोबा गेले. काका संभाजीनगरला, आम्ही पुण्यात. सहा खोल्यांच्या घरात आजी एकटी. एकदा मी फोनवर म्हटलं, 'आजी, ते रोडग्याचं म्हण ना.' ती हसली. म्हणाली, 'भवानीनं ऐकलं रे माह्यं. सगळे गेले, एकटी ठेवलं मला. पण आता रोडगा खायाला माणूस कुठंय?'

मला पुढे काही बोलताच आलं नाही.

कारण रोडगा हा एकट्याचा आयटमच नाही. जाडसर गव्हाचं पीठ घट्ट मळा, गोळे करा, गोवऱ्या पेटवा, आर पडू द्या, मग त्यात रोडगे भाजा. राख झटकून फोडा, वर तुपाची धार, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. हा सगळा कुटाणा एका रोडग्यासाठी कोण करणार? त्याला दहा माणसं लागतात. त्यातली निदान चार एकमेकांशी भांडलेली असतात, आणि तरीही जेवायला येतात.

अमेरिकेत हार्वर्डमध्ये १९३८ साली माणसांच्या आयुष्याचा एक अभ्यास सुरू झाला. अनेक दशकांनंतर निघालेला मोठा निष्कर्ष हा, की माणसाला सुखी आणि निरोगी ठेवण्यात जिव्हाळ्याच्या नात्यांचा वाटा फार मोठा असतो. आजीनं तेच एका वाक्यात सांगितलं.

टेंभुर्णीचे चार फंडे

• तक्रार करा, पण समोर आणि हसत. पाठीमागे केली की चुगली, सुरात केली की भारूड!

• 'जेवलास का?'ला नुसता अंगठा पाठवू नका. 'हो, तू काय केलं होतंस?' एवढं विचारा. दहा मिनिटं जातील. तेवढी रील्समध्येही जातातच.

• स्पेस जरूर घ्या, दारही लावा. फक्त आतून कडी घालू नका.

• महिन्यातून एक जेवण असं ठरवा, जे एकट्यासाठी बनवताच येत नाही. रोडगे, हुरडा, पुरणपोळी, काहीही. आमच्या घरचा मेन्यू ठरलाय. दिवाळीला सगळे टेंभुर्णीत. गोवऱ्या आजीच्या, पीठ काकूचं, आणि धुरानं डोळे चोळायची ड्यूटी आम्हा आयटीवाल्यांची!